भाजावळ आणि यकृत: पेशीतली सफाई कर्करोगाला कधी रोखते, कधी पोसते

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मालवणजवळच्या आमच्या गावातल्या सगळ्या होड्या वर ओढून झापांखाली शाकारलेल्या असतात. अशाच एका संध्याकाळी शेजारचे काका माझ्याकडे आले. त्यांच्या धाकट्या भावाला यकृताचा कर्करोग असल्याचे महिन्याभरापूर्वी कळले होते आणि मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, एवढ्याच भरवशावर त्यांनी मोबाइलवर आलेला एक मजकूर मला वाचायला दिला. एका जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले असून, उपवास केला की शरीर स्वतःच कर्करोगाच्या पेशी खाऊन टाकते हे त्याने सिद्ध केले आहे, असे त्यात लिहिले होते. "सर, उपास केल्यान कॅन्सर मरता म्हणतत, ता खरा काय?" काकांनी विचारले. भावाचे रात्रीचे जेवण घरच्यांनी चार दिवसांपासून बंद केले होते.

त्या मजकुरातला शास्त्रज्ञ खरा आहे आणि त्याचे नोबेलही खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि यकृताच्या रुग्णासाठी तो घातक ठरू शकतो. तो चुकीचा का, हे सांगायचे तर पेशीच्या आत चालणारी एक प्रक्रिया आणि ती चालवणारी काही जनुके समजून घ्यावी लागतात. विषय गुंतागुंतीचा आहे, पण कोकणातल्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

भात पेरण्यापूर्वी आपल्याकडे भाजावळ करतात. वर्षभराचा पातेरा, झाडांची कवळे, वाळलेले शेण आणि गवत तरव्याच्या जागेवर पसरून पेटवतात आणि त्या राखेवर रोपे वाढवतात. जे निरुपयोगी झाले तेच जाळून नव्या पिकाचे खाद्य होते. आपल्या प्रत्येक पेशीत याच धर्तीचे काम अखंड चालू असते. जुनी प्रथिने, मोडकळीला आलेल्या तंतुकणिका (पेशीची ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया), साठलेले मेदाचे थेंब अशा गोष्टींभोवती दुहेरी पापुद्र्याची एक पिशवी तयार होते. ही पिशवी आम्लाने आणि पाचक रसायनांनी भरलेल्या लयकारिकेला, म्हणजे लायसोसोमला, जाऊन मिळते, आतला माल पचवला जातो आणि त्यातून सुटलेली अमिनो आम्ले व मेदाम्ले पेशी पुन्हा वापरते. या प्रक्रियेला ऑटोफॅजी म्हणतात आणि मराठीत तिच्यासाठी स्वभक्षण हा शब्द रुळला आहे. मला तो शब्द थोडा भीतिदायक वाटतो, कारण यात पेशी स्वतःला संपवत नाही, तर स्वतःचे घर आवरते.

हे काम दोन प्रसंगी चालते आणि पुढचे सगळे समजण्यासाठी तो भेद लक्षात ठेवावा लागतो. पहिला प्रसंग रोजच्या झाडलोटीचा, जी भरल्या पोटीही मंद गतीने चालू असते. दुसरा प्रसंग टंचाईचा. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक होड्या जात नाहीत, तेव्हा कोळ्याचे घर खारा बांगडा, सुके बोंबील आणि गोलमा यांच्या बेगमीवर चालते. पेशीला बाहेरून अन्न किंवा प्राणवायू मिळेनासा झाला की तीही अशीच घरातल्या साठ्याला हात घालते, आणि ऑटोफॅजीचा वेग अनेक पटींनी वाढतो.

या शोधाच्या इतिहासात यकृत सुरुवातीपासून आहे. बेल्जियमचे ख्रिश्चन द डूव्ह यांनी १९५५ मध्ये लायसोसोमचा शोध लावला, तो उंदरांच्या यकृतावर काम करताना. ऑटोफॅजी हा शब्दही त्यांनीच १९६३ मध्ये दिला. उपाशीपणी रक्तात वाढणारे ग्लुकागॉन हे संप्रेरक उंदरांना टोचले, तर त्यांच्या यकृतपेशींत या पिशव्या वाढतात, हे त्याच दशकात दिसून आले होते. तरीही हे काम कोणती जनुके चालवतात ते पुढची तीस वर्षे कळले नाही. ते योशिनोरी ओसुमी यांनी शोधले, आणि तेही पाव फुगवणाऱ्या साध्या यीस्टमध्ये. १९९२ मध्ये त्यांनी उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये ही प्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि १९९३ मध्ये ती बंद पडलेल्या यीस्टचे १५ वेगवेगळे प्रकार प्रसिद्ध केले. त्यांतून एकेक जनुक हाती लागत गेले. २००३ मध्ये या जनुकांना एटीजी हे समान नाव देऊन क्रमांक लावण्यात आले. ओसुमींना २०१६ चे नोबेल मिळाले ते या कामासाठी. त्यांनी उपवासाने कर्करोग बरा केलेला नाही आणि तसा दावाही केलेला नाही.

माणसात या जनुकांची मोठी साखळी आहे, पण यकृताच्या कर्करोगासाठी पाच-सहा नावे पुरेशी होतात. अन्न भरपूर असते तेव्हा एमटॉर नावाचे प्रथिन ऑटोफॅजीला रोखून धरते आणि टंचाईत हा रोध सुटतो. रोध सुटला की यूएलके१ कामाला सुरुवात करते. बेक्लिन-१ पापुद्रा उभारण्याची जागा तयार करते. एटीजी५ आणि एटीजी७ यांच्यामुळे एलसी३ नावाचे प्रथिन त्या पापुद्र्याला चिकटते आणि पिशवी पुरी होते. उरते ते पी६२, ज्याचे काम हमालाचे आहे. टाकाऊ म्हणून खूण केलेल्या प्रथिनांना ते एका हाताने धरते, दुसऱ्या हाताने पिशवीवरच्या एलसी३ला धरते, आणि मालाबरोबर स्वतःही पचून जाते. हमाल मालासकट संपतो, ही बारीक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

यकृतात ही प्रक्रिया एवढी जोरात का चालते, याचे उत्तर यकृताच्या कामात आहे. आतड्यांतून येणारे रक्त आधी यकृतात येते, त्यामुळे औषधे, मद्य, बुरशीची विषे आणि अतिरिक्त मेद यांचा पहिला मारा तेच झेलते. शिवाय सबंध शरीरासाठी साठा करणे आणि उपाशीपणी तो पुरवणे हेही त्याचेच काम. एक-दोन दिवस उपाशी ठेवलेल्या उंदराच्या यकृतातील चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक प्रथिन कमी होते, आणि त्यात मोठा वाटा ऑटोफॅजीचा असतो. यकृतपेशींतले मेदाचे थेंबही याच मार्गाने मोडले जातात, हे २००९ मध्ये दाखवले गेले. मेदयुक्त आहार फार काळ चालला तर ही मेद मोडण्याची क्रियाच मंदावते, म्हणजे ज्या यकृतात मेद साठला आहे तिथेच तो उपसण्याची सोय दुबळी होत जाते. फॅटी लिव्हरमध्ये हे दुष्टचक्र तयार होते.

आता कर्करोगाकडे येतो. ही जनुके काढून टाकली तर काय होते, हे उंदरांत पाहिले गेले. एटीजी५ किंवा एटीजी७ पूर्णपणे नसलेली पिल्ले जन्मल्यानंतर एका दिवसात मरतात, कारण नाळ तुटल्यापासून पहिले दूध अंगी लागेपर्यंतची टंचाई त्यांना सोसत नाही. बेक्लिन-१ च्या दोन्ही प्रती नसतील तर गर्भच वाढत नाही. दोनपैकी एकच प्रत असलेले उंदीर मात्र जगतात. २००३ मध्ये दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी दाखवले की अशा उंदरांना वय वाढले की आपोआप कर्करोग होतात, आणि त्यांत यकृताचा कर्करोगही असतो. झाडलोट मंदावली एवढेच कारण पुरेसे ठरले.

त्याहून बोलका प्रयोग २०११ मध्ये जपानमध्ये झाला. शरीरातल्या काही पेशींत एटीजी५ आहे आणि काहींत नाही, असे संमिश्र उंदीर तयार केले गेले. शरीरभर अनेक अवयवांत हे जनुक गेलेल्या पेशी होत्या, पण गाठी फक्त यकृतात आल्या. एटीजी७ फक्त यकृतातून काढले तेव्हाही गाठी आल्या. त्या पेशींत सुजलेल्या, बिघडलेल्या तंतुकणिका साठल्या होत्या, जनुकीय द्रव्याला इजा झाल्याच्या खुणा होत्या, आणि पी६२ चे ढीग होते.

हमालाची गोष्ट इथे परत येते. पिशवीच तयार होत नसेल तर पी६२ पचत नाही, ते साचत जाते. साचलेले पी६२ रिकामे बसत नाही. कीप१ नावाचे एक प्रथिन एनआरएफ२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला सतत दाबून ठेवत असते. पी६२ त्या कीप१लाच धरून अडकवते आणि एनआरएफ२ मोकळे सुटते. एनआरएफ२ मुळात पेशीचे रक्षक आहे, विषारी मारा झाला की ते बचावाची जनुके जागी करते आणि धोका टळला की शांत होते. पण ते कायमचे जागे राहिले, तर ज्या बिघडलेल्या पेशीने मरायला हवे होते तिलाच ते जगवते आणि तिच्या वाढीला लागणारी रसायने पुरवते. वर सांगितलेल्या उंदरांत एटीजी७ बरोबर पी६२ ही काढून टाकले, तेव्हा गाठी लहान राहिल्या. माणसाच्या यकृताच्या कर्करोगातही अनेकदा पी६२ साचलेले आढळते, आणि मद्यामुळे खराब झालेल्या यकृतपेशींत सूक्ष्मदर्शकाखाली जे गोळे दिसतात त्यांतही ते असते.

इथपर्यंत ऐकून काका म्हणाले, "म्हणजे ही सफाई वाढवूक व्हयी." कोणालाही असेच वाटेल. पण त्या जपानी उंदरांची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही: त्यांना आलेल्या गाठी सौम्य होत्या. गाठी सुरू झाल्या, वाढल्या, पण घातक कर्करोगापर्यंत पोचल्या नाहीत. नंतर यकृताचा कर्करोग घडवणारे रसायन देऊन केलेल्या प्रयोगांतही हेच दिसले. ऑटोफॅजी शाबूत असलेल्या उंदरांना घातक कर्करोग झाला, तर यकृतातून एटीजी५ काढलेल्या उंदरांत गाठी सौम्य पायरीवरच अडल्या. ऑटोफॅजी गेली तर गाठ सुरू होते, पण गाठीला घातक व्हायचे असेल तर तिला ऑटोफॅजी लागते. या सगळ्या विषयाचे मर्म मला या दोन निरीक्षणांत दिसते.

याचे कारण टंचाईच्या प्रसंगात आहे. गाठ वाढते तेव्हा तिच्या आतल्या भागापर्यंत रक्तवाहिन्या पुरेशा पोचत नाहीत. तिथल्या पेशींना प्राणवायू कमी, अन्न कमी. जणू त्यांच्यासाठी बारमाही जून-जुलै चालू असतो. निरोगी पेशीला जगवण्यासाठी घडलेली हीच बेगमीची सोय कर्करोगाची पेशी मग स्वतःसाठी वापरते. आपल्या मोडक्या भागांतून ती इंधन काढते, बिघडलेल्या तंतुकणिका वेळीच उपसून टाकते आणि औषधांचा मारा सहन करते. सोराफेनिब या गोळीने बळावलेल्या यकृत कर्करोगाच्या उपचारात २००७ पासून पहिल्यांदा थोडे आयुष्य वाढवून दिले. त्या औषधाचा परिणाम ओसरत जाण्यामागे जी कारणे प्रयोगशाळेत सापडली, त्यांत औषधाच्या ताणाने वाढलेली ऑटोफॅजी हेही एक आहे.

म्हणून ही जनुके चांगली की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या पेशीत आणि रोगाच्या कोणत्या टप्प्यावर, असे विचारले तरच उत्तर मिळते. निरोगी यकृतात ती राखण करतात आणि उभ्या राहिलेल्या गाठीत तिची रसद पुरवतात. उपवासाने ऑटोफॅजी वाढते असे मानले, तरी ती गाठीतही वाढू शकते, आणि गाठीत ती कोणाच्या कामी येईल हे वर आलेच आहे.

माणसांतल्या अभ्यासांबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण अमुक जनुक वाढले तर रुग्ण कमी जगतो, अशा बातम्या अधूनमधून येतात. यकृताच्या कर्करोगात पी५३ सारखी, पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणारी जनुके वारंवार बिघडलेली सापडतात, तशी ऑटोफॅजीची मुख्य जनुके क्वचितच बिघडलेली असतात. बदलते ते त्यांच्या कामाचे प्रमाण. ते मोजून रुग्णाचे भवितव्य सांगणारी गणिते अनेक संशोधकांनी मांडली आहेत. काहींत बेक्लिन-१ कमी असलेल्या गाठी अधिक आक्रमक दिसतात, तर काहींत एलसी३ जास्त असलेल्या. या निष्कर्षांकडे मी सावधपणे पाहतो. बंदरावर कचऱ्याचा ढीग दिसला, तर कचरा जास्त झाला की उचलणारी गाडीच आली नाही, हे एका छायाचित्रावरून ठरवता येत नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत एलसी३ जास्त दिसले, तर पिशव्या जास्त तयार होत आहेत की लयकारिकेपर्यंत पोचायच्या थांबल्या आहेत, हाच प्रश्न उरतो. प्रवाह मोजायला जिवंत पेशी आणि वेळ लागतो, आणि छापून येणारे बहुतेक आकडे एका क्षणाचे असतात.

गाठीची रसद तोडण्याचा विचार अर्थातच झाला आहे. क्लोरोक्विन हे औषध कोकणातल्या जुन्या पिढीला हिवतापाची कडू गोळी म्हणून ठाऊक आहे. ते लयकारिकेतले आम्ल कमी करते, त्यामुळे पिशव्या पोचल्या तरी माल पचत नाही. ते आणि त्याचे भावंड हायड्रॉक्सीक्लोरोक्विन कर्करोगाच्या इतर औषधांबरोबर देऊन चाचण्या झाल्या आहेत. यकृताच्या कर्करोगासाठी मान्यताप्राप्त उपचार म्हणून मात्र ते अद्याप उभे राहिलेले नाही. अडचण उघड आहे. ते औषध गाठ आणि उरलेले निरोगी यकृत यांत फरक करत नाही, आणि गाठ असलेले यकृत बहुधा आधीच दुखणाईत असते. या गोळ्यांनी हृदयाच्या ठोक्यांत आणि डोळ्यांत बिघाड होऊ शकतो, म्हणून त्या घरच्या घरी सुरू करण्याच्या नाहीत.

जनुकांवर आपला ताबा नाही, पण सुरुवातीच्या टप्प्यावर, राखण अजून शाबूत असताना, यकृतावरचा मारा कमी करणे आपल्या हातात आहे. हिपॅटायटिस बी हा विषाणू पेशीतली ऑटोफॅजी स्वतःच्या वाढीसाठी राबवतो. तो वर्षानुवर्षे यकृतात मुक्काम करतो आणि जगभर यकृताच्या कर्करोगाच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. त्याची लस आपल्या सार्वत्रिक लसीकरणात २०११ पासून देशभर आहे आणि तिचा पहिला डोस बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायचा असतो. तैवानने ही लस १९८४ मध्ये सुरू केली, तेव्हा मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखात ०.७० होते, ते पुढच्या दहा वर्षांत ०.३६ वर आले. कर्करोग टाळणाऱ्या लशीचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो, एका ताटात जेवल्याने जात नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण गावांत अशा रुग्णाचे भांडे वेगळे ठेवलेले मी पाहिले आहे.

फॅटी लिव्हरमध्ये ही झाडलोट कशी मंदावते आणि मद्याने खराब झालेल्या यकृतपेशींत पी६२ कसे साचते, हे वर आलेच आहे. कोकणाच्या दमट हवेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पावसाळ्यात नीट न वाळवलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर आणि सुक्या खोबऱ्यावर धरणाऱ्या बुरशीपैकी काही अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते भाजल्याने वा शिजवल्याने पुरते जात नाही, आणि पी५३ जनुकात ठरावीक जागी बिघाड करते. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला त्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त. बुरशीचा वास येणारे किंवा कडवट लागणारे दाणे निवडून उरलेले कुटात घालण्याची सवय आपण सोडायला हवी. सिरॉसिस, म्हणजे वर्षानुवर्षांच्या इजेने यकृत व्रणांनी भरून निबर झालेले असणे, ज्यांना आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यायची असते, कारण लहान असताना सापडलेल्या गाठीवर शस्त्रक्रियेने किंवा यकृत प्रत्यारोपणाने रोग मुळापासून बरा करणारा उपचार होऊ शकतो.

काकांच्या भावाला सिरॉसिस होता. असे यकृत साखरेचा साठा धड करू शकत नाही, त्यामुळे एका रात्रीच्या उपाशीपणातही शरीर स्नायू मोडायला लागते, जसे निरोगी माणसात दोन-तीन दिवसांच्या उपवासाने होते. म्हणून अशा रुग्णांनी रात्री झोपण्यापूर्वी थोडे खावे असा सल्ला दिला जातो, आणि कर्करोगाचे उपचार सोसायचे तर अंगात बळ असणे आणखी गरजेचे ठरते. त्याच संध्याकाळी काकांनी भावाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनीही उपवास ताबडतोब थांबवायला सांगितले आणि रात्री पेज चालेल का, या काकांच्या प्रश्नाला होकार दिला. काकांनी मग माझ्याकडून एक कागद मागून घेतला आणि पुढच्या फेरीत विचारायचे प्रश्न मला लिहून द्यायला लावले. त्यांतला पहिला प्रश्न भावाच्या दोन्ही मुलांची हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी कधी करायची, हा होता.